‘एलीट’ला मराठीत काय म्हणायचं? आधी ठरवा, ही माणसं वर पोहोचली कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्र आणि क्रीडा अशा दोन्ही प्रकारच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘एलीट’ हा शब्द पदोपदी येतो. शब्दकोशात ‘अभिजन’ आणि ‘उच्चभ्रू’ मिळतात, पण दोन्ही कुठे ना कुठे अडतात. तुम्ही पाच ठिकाणं दिली आहेत: सत्ता हातात ठेवणारी ‘एलीट’ कुटुंबं, मॅरेथॉनमधले ‘एलीट’ धावपटू, सैन्याची ‘एलीट’ तुकडी, ‘एलीट’ शिक्षणसंस्था आणि ‘समाजाचं क्रीम’. पाचही ठिकाणी चालेल असा एक शब्द तुम्हाला हवा आहे.

तसा एक शब्द नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नका. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘निवडलेले’ एवढाच. कोणी निवडले, कशाच्या जोरावर निवडले, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून तर तो घराण्यालाही चालतो आणि कमांडोलाही. मराठीतले शब्द इतके गप्प बसत नाहीत. कुलीन म्हटलं की जन्म आला, धनदांडगा म्हटलं की पैसा आला, मातब्बर म्हटलं की वजन आलं, मानांकित म्हटलं की स्पर्धेची यादी आली, पट्टीचा म्हटलं की हातातलं कसब आलं. त्यामुळे वाक्य समोर आलं की आधी हे ठरवायचं, की ही माणसं वर कशाने पोहोचली: जन्माने, पैशाने, सत्तेने, निवडीने की कौशल्याने. मग बघायचं की लिहिणारा त्यांचं कौतुक करतोय की त्यांच्यावर बोट ठेवतोय. एवढं झालं की शब्द बहुधा आपणहून सुचतो. कधीकधी मूळ लेखकानेच हे धूसर ठेवलेलं असतं. तिथे मागचा-पुढचा मजकूर वाचून निर्णय घ्यावा लागतो आणि दोन चांगल्या अनुवादकांचे निर्णय वेगळे येऊ शकतात.

समाजशास्त्राच्या मजकुरात ‘अभिजन’ रूढ आहे, तोच ठेवा. पण त्याचं ओझं माहीत असू द्या. संस्कृतात अभिजन म्हणजे कुळ, घराणं. पाणिनीने तर ‘निवास’ आणि ‘अभिजन’ असा भेद केला आहे: आपण राहतो तो निवास, पूर्वज राहत होते तो अभिजन. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जन्म आहे. आजच्या मराठीत हा अर्थ पुसट झाला असला तरी गेलेला नाही, आणि त्याला कारण त्याचा जोडीदार ‘बहुजन’. महाराष्ट्रात अभिजन म्हटलं की वाचकाच्या मनात समोर बहुजन उभा राहतोच, आणि त्याच्यासोबत जातीचा सगळा इतिहास येतो. तुमच्या मजकुरात तो संदर्भ असेल तर याहून चपखल शब्द नाही. मजकूर इटलीतल्या किंवा अमेरिकेतल्या सत्तेविषयी असेल तर पहिल्या उल्लेखाला ‘अभिजनवर्ग’ लिहून अर्ध्या वाक्यात खुलासा करा, की इथे जन्माने वरचे लोक अभिप्रेत नसून निर्णय ज्यांच्या हातात आहेत तो छोटा गट अभिप्रेत आहे.

इटालियन समाजशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटोचा मजकूर हाताशी असेल तर जास्तच जपा. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या समाजशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने प्रत्येक क्षेत्रातल्या माणसांना परीक्षेसारखे गुण द्यायची कल्पना मांडली. ज्याला दहाच्या आसपास गुण, तो त्या क्षेत्रातला ‘एलीट’. या हिशेबात त्याने निष्णात वकील धरला तसाच लोकांना टोपी घालून तुरुंगाबाहेर राहणारा लफंगाही धरला. तिथे ‘अभिजन’ लिहिलंत तर ‘लफंग्यांमधले अभिजन’ असं काहीतरी तयार होईल आणि वाचक हसेल. व्याख्येच्या त्या भागात ‘आपापल्या क्षेत्रातले अव्वल लोक’ असं साधं लिहावं. पुढे पॅरेटो राज्यकर्त्या वर्गाकडे वळतो, तिथून ‘शासक अभिजन’, ‘अभिजनांचं अभिसरण’ या परिभाषेवर यावं. एकाच लेखकाच्या एकाच शब्दाला दोन मराठी शब्द वापरणं काहींना चुकीचं वाटतं. परिभाषा पक्की राहिली पाहिजे हे खरंच, पण अर्थाने कूस बदलली असेल तिथे शब्दानेही बदलावी. फक्त बदल कुठे होतोय ते वाचकाला सांगून टाकावं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्सने १९५६ मध्ये अमेरिकेविषयी मांडलेल्या ‘पॉवर एलीट’ या कल्पनेत तिहेरी गट आहे: राजकीय नेतृत्व, बड्या कंपन्यांचे प्रमुख आणि लष्करातले वरिष्ठ. याला ‘सत्ताधारी अभिजन’ म्हणायचा मोह होतो. अडचण अशी, की वर्तमानपत्रांनी ‘सत्ताधारी’ हा शब्द विरोधकांच्या समोर बसणाऱ्या पक्षाला देऊन टाकला आहे. कंपनीचा मुख्य अधिकारी किंवा सेनाधिकारी त्या अर्थाने सत्ताधारी नसतो. ‘सत्ता-अभिजन’ असा समास कानाला थोडा खडबडीत लागतो, पण त्याने चुकीचं चित्र उभं राहत नाही.

‘अभिजन’ आणि ‘अभिजात’ यांची अदलाबदल हल्ली वाढली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तेव्हापासून ‘अभिजात’ सगळ्यांच्या तोंडी आला. अभिजात साहित्य, अभिजात संगीत, अभिजात भाषा असं म्हणताना आपण काळाच्या कसोटीला उतरलेल्या कृतीबद्दल किंवा परंपरेबद्दल बोलत असतो. ‘अभिजात वर्ग’ असं लिहिलं की मात्र ते जुन्या खानदानी उमरावांबद्दल होतं. तुम्हाला आजचे उद्योगपती आणि नोकरशहा म्हणायचे असतील तर ‘अभिजात’ तिथे नको.

आता ‘उच्चभ्रू’. हा सरळसरळ ‘हायब्राऊ’चा अनुवाद आहे, आणि तोही जरा घसरलेला, कारण इंग्रजीतला ब्राऊ हा कपाळ आणि संस्कृतातली भ्रू ही भुवई. मुळात तो बौद्धिक अभिरुचीविषयी होता. मराठीत तो पुढे पैशाकडे आणि राहणीमानाकडे सरकला: उच्चभ्रू वस्ती, उच्चभ्रू सोसायटी, उच्चभ्रू शाळा. आज हा शब्द वाचून कुणाला कठीण कविता आवडणारा माणूस आठवत नाही. फाटकावर पहारेकरी असलेली इमारत आठवते. शिवाय त्यात बोलणाऱ्याची किंचित नापसंती असते. कुणी स्वतःची ओळख ‘मी उच्चभ्रू’ अशी करून देत नाही. त्यामुळे नापसंती हवी असेल आणि विषय राहणीमानाचा असेल तर हा शब्द उत्तम, नाहीतर टाळावा. अभिरुचीबद्दलच बोलायचं असेल तर ‘दर्दी’, ‘जाणकार’, ‘चोखंदळ’ हे शब्द आहेत आणि ते कितीतरी नेमके आहेत. दर्दी म्हणजे जीव लावणारा, जाणकार म्हणजे कळणारा, चोखंदळ म्हणजे निवडून घेणारा. तिघं एकत्र असतीलच असं नाही.

तुमचं पहिलं वाक्य घेऊ: सत्ता काही ‘एलीट’ कुटुंबांच्या हाती आहे. इथे विशेषणाची गरजच नाही. मराठीत ‘घराणी’ म्हटलं की त्यात परंपरा, वारसा आणि वजन तिन्ही येतात. ‘सत्ता मूठभर घराण्यांच्या हाती आहे’ एवढं पुरतं. ‘मूठभर’ने टीकाही पोहोचते. टीका आणखी राजकीय हवी असेल तर ‘प्रस्थापित घराणी’. हा शब्द अनुवादकांच्या हातून फार निसटतो. ज्यांनी जागा अडवून ठेवली आहे आणि नव्यांना आत येऊ देत नाहीत ते प्रस्थापित. यात जन्मापेक्षा कब्जा महत्त्वाचा. ‘मातब्बर’मध्ये दबदबा आहे आणि थोडा आदरही. ‘बडं प्रस्थ’मध्ये चिमटा आहे. ‘धनदांडगे’मध्ये पैसा आणि दांडगाई एकत्र आहे, म्हणून सभ्य श्रीमंताला तो लावू नये. ‘पांढरपेशा’ मात्र या यादीतून काढून टाका. तो शुभ्र कपड्यातल्या नोकरदार मध्यमवर्गाचा शब्द आहे, वरच्या थराचा नाही, तरी काही अनुवादांत तो एलीटसाठी आलेला दिसतो.

जाता जाता ‘श्रेष्ठी’बद्दल. मुळात व्यापाऱ्यांच्या संघाचा प्रमुख तो श्रेष्ठिन्, आणि त्याचंच पुढे शेठ झालं. आज मराठीत ‘पक्षश्रेष्ठी’ म्हणजे तिकीट देणारे किंवा कापणारे वरचे लोक. नुसतं ‘श्रेष्ठी’ लिहिलं तरी वाचक राजकीय पक्षच समजतो. समाजातले श्रेष्ठ लोक या अर्थी तो आता मोकळा राहिलेला नाही.

क्रीडेच्या मजकुरात पहिली पायरी वेगळी आहे. तिथे ‘एलीट’ हे वर्णन आहे की एखाद्या गटाचं अधिकृत नाव, हे आधी बघा. रणजी करंडकात ‘एलीट’ आणि ‘प्लेट’ असे गट आहेत. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पंचांचं ‘एलीट पॅनेल’ २००२ पासून आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींना दिलेल्या दर्जांत तर ‘एलीट’च्या वर ‘गोल्ड’ आणि त्याच्याही वर ‘प्लॅटिनम’ आहे. अशा ठिकाणी ‘सर्वोत्कृष्ट’ लिहिलंत तर वस्तुस्थितीच चुकेल. विशेषनाम असेल तर ‘एलीट’ तसंच देवनागरीत ठेवायचं आणि पुढे जायचं. मॅरेथॉनमध्ये एलीट गट वेगळा सुटतो, त्यांची नोंदणी वेळेच्या निकषावर किंवा निमंत्रणाने होते. तिथेही ‘एलीट गटातले धावपटू’ हेच बरोबर. तुमचं वाक्य मात्र वर्णनाचं आहे, ‘या शर्यतीत फक्त एलीट धावपटू उतरतात’, म्हणून तिथे ‘अव्वल दर्जाचे’ किंवा ‘आघाडीचे धावपटू’ शोभेल.

क्रीडापानावर आणखी दोन शब्द सांभाळावे लागतात. क्रमवारी वेगळी आणि मानांकन वेगळं. क्रमवारी वर्षभराच्या कामगिरीवर चालू असते, मानांकन त्या एका स्पर्धेपुरतं असतं. ग्रँड स्लॅम टेनिसच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि त्यांतल्या ३२ जणांना मानांकन मिळतं. क्रमवारीत पहिला असलेला खेळाडू दुखापतीमुळे आलाच नाही तर दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू ‘अव्वल मानांकित’ होतो. दोन्हींना सरसकट ‘अव्वल’ म्हटलं की बातमी चुकते. ‘प्रथम श्रेणी’ हाही असाच फसवा शब्द. क्रिकेटमध्ये प्रथम श्रेणीचा सामना हा दर्जाचा प्रकार आहे, कसोटी त्यातच मोडते. दहावीच्या निकालात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी, पण तिच्या डोक्यावर ७५ टक्क्यांची प्रावीण्य श्रेणी बसलेली असते. ‘प्रथम’ हा शब्द दिसला म्हणून सगळ्यांत वरचा असं धरून चालू नका.

सैन्याच्या ‘एलीट’ तुकडीला अभिजन किंवा उच्चभ्रू लावण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे वर येण्याचं कारण निवड आणि प्रशिक्षण, म्हणून ‘खास प्रशिक्षित तुकडी’, ‘निवडक जवानांची तुकडी’. ‘विशेष दल’ हे अनेकदा प्रत्यक्ष दलाचं नाव किंवा प्रकार असतो, म्हणून आधी तपासा. मजकूर ऐतिहासिक असेल तर मराठीकडे स्वतःचे शब्द आहेत. छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या थेट हुकमतीखालची फौज ती ‘हुजुरात’. सैन्याच्या तोंडाशी चालणारी ती ‘बिनी’. ‘बिनीचा शिलेदार’ आज चळवळीतल्या किंवा पक्षातल्या आघाडीच्या माणसाला म्हणतात. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. तेव्हा ज्याच्यापाशी स्वतःचं काहीतरी बळ आहे अशा माणसाला ‘बिनीचा शिलेदार’ जास्त शोभतो. नेत्याच्या मागे बॅग घेऊन फिरणाऱ्याला तो लावला की चेष्टा वाटते.

शिक्षणसंस्थांसाठी ‘नामवंत’ सर्वांत सुरक्षित. ‘नामांकित’चा मराठीतला जुना अर्थ प्रसिद्ध असाच आहे, पण हिंदी बातम्यांच्या प्रभावाने तो ‘पुरस्कारासाठी नाव सुचवलेला’ या अर्थानेही येऊ लागला आहे. ‘नामांकित लेखिका’ वाचून ती प्रसिद्ध आहे की तिचं नाव एखाद्या पुरस्काराच्या यादीत आहे, असा घोटाळा होतो. त्या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘नामनिर्देशन’ आहे. ‘अग्रगण्य’ म्हणजे मोजायला सुरुवात केली की आधी ज्याची गणती होते तो. जाहिरातींनी प्रत्येक शिकवणीला अग्रगण्य करून टाकल्यामुळे तो आता पातळ झाला आहे. तुमच्या वाक्यात मूळ लेखक शुल्क आणि श्रीमंती यांवर बोट ठेवत असेल तर ‘उच्चभ्रू संस्था’, प्रवेशाच्या चुरशीबद्दल बोलत असेल तर ‘जिथे प्रवेश मिळणं सर्वांत अवघड अशा संस्था’. हे दुसरं लांबलचक आहे, पण खरं आहे. एका शब्दाच्या बदल्यात सहा शब्द गेले म्हणून अनुवाद हरत नाही.

‘दिग्गज’ आणि ‘धुरंधर’ यांच्या बाबतीत थोडा हात आखडता घ्या. दिग्गज म्हणजे आठ दिशा तोलून धरणारे आठ हत्ती, ऐरावत त्यांतला पहिला. शब्दात भार पेलण्याची कल्पना आहे, म्हणून एखाद्या क्षेत्राला आधार देणारी चार-पाच माणसं असतील तिथे तो खुलतो. ‘या सोहळ्याला ७० दिग्गज उपस्थित होते’ असं लिहिलं की तो मेला. तिथे ‘मान्यवर’ पुरे. धुरंधर आणि धुरीण हे दोन्ही जू खांद्यावर घेणारे. पण धुरंधरमध्ये आता डावपेचांची छटा आली आहे, धुरंधर राजकारणी. समाजधुरीणमध्ये ती नाही.

इथून पुढचा भाग शब्दकोशात मिळत नाही, म्हणून जरा थांबतो. मराठीत श्रेष्ठत्वाचे संस्कृत शब्द चटकन उपरोधाकडे झुकतात. संस्कृतात नामाच्या शेवटी प्राण्याचं नाव जोडून श्रेष्ठत्व दाखवायची रीत होती. व्याघ्र, पुंगव, ऋषभ, कुंजर, सिंह, शार्दूल हे शब्द उत्तरपदी आले की ‘श्रेष्ठ’ असा अर्थ घ्यावा, हे अमरकोशाने नोंदवलेलं आहे. गीतेत अर्जुन ‘भरतर्षभ’ आहे, शैब्य ‘नरपुंगव’ आहे, आणि तिथे तो शुद्ध गौरव आहे. आज ‘हे नरपुंगव काल सभेत म्हणाले’ असं लिहिलं तर ती उघड थट्टा असते. ‘केसरी’ टिकला, कारण कुस्तीने त्याला जिवंत ठेवला: महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी. ‘वर्य’ टिकला, पण गुरुवर्यपुरता. ‘रत्न’ला किताबांनी तारलं, तरी ‘गाळीव रत्न’ म्हटलं की अर्थ उलटा.

‘सम्राट’ची गंमत तर बघण्यासारखी आहे. कलेच्या पुढे सम्राट आला तर गौरव: न. चिं. केळकरांना साहित्यसम्राट म्हणत. मालाच्या किंवा धंद्याच्या पुढे आला की टोला: साखरसम्राट, शिक्षणसम्राट. त्याच सहकारातल्या माणसाचा गौरव करायचा असेल तर फलकावर ‘सहकारमहर्षी’ येतं. दोन्ही शब्द एकाच माणसासाठी, एकाच गावात, वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ शकतात. अनुवादात ‘एज्युकेशन बॅरन’ आला तर शिक्षणसम्राट अचूक बसतो. शिक्षणतज्ज्ञाला चुकून तो लागला तर मानहानीच होईल. म्हणून भारदस्त समास वापरण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून बघा. तो उच्चारताना ओठाचा कोपरा वर जात असेल तर साधा शब्द घ्या.

साध्या शब्दांचा मराठीला तोटा नाही. ‘पट्टीचा’ हा करणाऱ्याला लागतो: पट्टीचा पोहणारा, पट्टीचा वक्ता, पट्टीचा खवय्या. ‘हाडाचा’ हा वृत्तीला: हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. पट्टीचा शिक्षक कुणी म्हणत नाही. ‘कसलेला’ सरावातून आलेला, ‘मुरब्बी’ अनुभवातून, ‘जातिवंत’ उपजत. ‘पोहोचलेला’ मात्र कौतुकासाठी वापरू नका, तो लबाडाचा शब्द आहे. ‘अर्क’चंही तेच. अर्क म्हणजे सार, पण ‘काय अर्क आहे हा’ याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. बोलीतले ‘एक नंबर’, ‘बाप’, ‘नादखुळा’ संवादात खुशाल घ्या, मात्र ‘एक नंबर’ आणि ‘एक नंबरचा’ यांत अंतर आहे. ‘एक नंबरचा’ पुढे बहुधा चोर किंवा आळशीच येतो.

एका गटातले सर्वोत्तम मोजून सांगायची मराठीची स्वतःची तऱ्हा आहे, तीही हाताशी असू द्या. आपल्याकडे श्रेष्ठांची गणती पूर्णांकावर थांबत नाही: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, नाना फडणवीस अर्धे. नानांना अर्धं का धरलं याची कारणं वेगवेगळी सांगतात, पण यादीत बसवताना पावकी-निमकीचा हिशेब ठेवला, हे खास मराठी. कोणत्याही क्षेत्रातल्या चार श्रेष्ठांबद्दल लिहिताना ‘साडेतीन’ची सूचना चांगली काम करते, मात्र अर्धा कोण हे ठरवायची तयारी हवी. पानिपतानंतर आलेल्या निरोपातली भाषाही अशीच पायरीची आहे: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोती, सरदार म्हणजे सोन्याच्या मोहरा, बाकी फौज खुर्दा. एका ओळीत तीन थर. ही मोहर म्हणजे नाणं. ‘पक्षाने आपला मोहरा पुढे केला’ यातला मोहरा बुद्धिबळाच्या पटावरचा. तो उपयोगाचा असतो, मौल्यवान असेलच असं नाही.

व्याकरणाचं थोडं. ‘श्रेष्ठ’ हेच मुळात तमभाववाचक रूप आहे, म्हणून ‘श्रेष्ठतम’ म्हणजे टोपीवर टोपी. ‘सर्वश्रेष्ठ’ रूढ झाला आहे, त्यावर वाद घालत बसू नये. ‘सर्वांत उत्तम’ लिहिताना ‘र्वां’वरचा अनुस्वार सोडू नका, सगळ्यांमध्ये असा अर्थ आहे, म्हणून अनेकवचन. यापेक्षा मोठी अडचण ‘सर्वोत्तम गायकांपैकी एक’ या साच्याची. हा इंग्रजी वाक्याचा सांगाडा आहे आणि अनुवादांत तो दर पानावर दिसतो. मराठीत आपण म्हणतो: ‘पहिल्या फळीतली गायिका’, ‘मोजक्या चांगल्या गायकांत तिची गणना होते’, ‘असे गायक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके’. ‘बेस्ट ऑफ द बेस्ट’साठी ‘निवडकांतले निवडक’ किंवा वाक्य फिरवून ‘एकाहून एक सरस’. यातला दुसरा पर्याय सगळे सारखेच उत्तम असतील तिथेच.

आणि गटच बेताचा असेल तर? तिथे ‘सर्वोत्तम’ लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. ‘त्यातल्या त्यात बरा’ हे मोजून मापून केलेलं कौतुक आहे. दोघांची तुलना असेल तर ‘उजवा’. सगळेच कच्चे आणि एक थोडा कमी कच्चा, तर ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ मात्र इथे नको. ती दोन वाइटांतून कमी वाईट निवडतानाची म्हण आहे, तिच्यात शहाणपणाचा दावा नाही.

राहिलं तुमचं पाचवं वाक्य, ‘समाजाचं क्रीम’. याला ‘समाजाची मलई’ कधीही करू नका. मराठीत मलई खातात, आणि ती कंत्राटातली असते. मलईदार खातं म्हणजे वरकमाईचं खातं. ‘साय’ही चालत नाही, कारण ‘दुधावरची साय’ म्हणजे नातवंडं. कौतुक करायचं असेल तर विषय बघून ‘समाजातली कर्तबगार मंडळी’, ‘हुशार मुलं’, ‘निवडक बुद्धिमान’ असं सरळ लिहा. मात्र मजकूर आरक्षणाचा असेल तर क्रीम हा कायद्याच्या परिभाषेतला शब्द होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर रूढ झालेल्या ‘क्रीमी लेयर’ला सरकारी मराठीत ‘उन्नत व प्रगत गट’ म्हणतात. केंद्राच्या नियमांनुसार २०१७ पासून त्यासाठी वार्षिक ८ लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्यांना इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. इथे तो कुणाच्या कौतुकाचा शब्द राहत नाही, तो वगळण्याचा निकष असतो. पहिल्या उल्लेखाला ‘उन्नत व प्रगत गट, म्हणजेच क्रीमी लेयर’ असं दोन्ही द्या आणि पुढे ‘क्रीमी लेयर’च चालू ठेवा, कारण दाखला काढायला गेलेला माणूस खिडकीवर ‘नॉन-क्रीमी लेयर’ असंच म्हणतो.